मधलं चालणं

सुरुवातीलाच एक गोष्ट नोंदवून ठेवते: माझे दोन्ही पाय चांगले आहेत. लांबीला सारखे, गुडघ्यात वाकणारे आणि रोजच्या वापरातले. हे असं लिहून द्यावं लागणं कमीपणाचं आहे, पण देवळाली प्रवऱ्याजवळच्या आमच्या साखर कारखान्याच्या कॉलनीत अजूनही दोन-तीन घरं अशी आहेत, जिथं मी गेले की लोक आधी माझ्या पावलांकडे बघतात आणि मग "ये, बस" म्हणतात. "बस" जरा घाईनं म्हणतात.

याला कारण इंटरनेट.

मी फिजिक्स घेऊन बीएस्सी झाले आणि निकालानंतर गोरक्षनाथ सरांच्या काँप्युटर क्लासमध्ये शिकवायला जाऊ लागले. क्लास एसटी स्टँडसमोर, वरच्या मजल्यावर. खाली सरांचंच झेरॉक्सचं मशीन आणि एसटीडी बूथ. बूथचा फोन आणि क्लासचा मोडेम एकाच लाइनवर होता. त्यामुळे वर इंटरनेट चालू असलं की खाली बूथवर 'फोन नादुरुस्त आहे' अशी पाटी लागायची. ही व्यवस्था नियमात बसते का, असं मी एकदा सरांना विचारलं होतं. सर म्हणाले, "मॅडम, पाटी खोटी आहे का? ग्राहकाच्या दृष्टीनं फोन नादुरुस्तच आहे." सर पूर्वी वकिलीला जाणार होते.

या मोडेमच्या जोरावर मी स्वतःची वेबसाइट केली होती. वेबसाइट म्हणजे काय, तर फुकट जागा देणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या आवारात मी टाकलेली टपरी. त्यावर चंद्राचे चार फोटो, लोलकाचा एक प्रयोग, माझी थोडक्यात ओळख आणि तळाशी आजवर किती लोक येऊन गेले ते सांगणारा आकडा. तो आकडा मी रोज बघायचे आणि मी बघितला की तो एकानं वाढायचा. साइटची प्रगती एकूण समाधानकारक होती.

त्या वर्षी, म्हणजे नव्याण्णव साली, अकरा ऑगस्टला संध्याकाळी सूर्यग्रहण होतं. दुर्बिणीतून सूर्याची प्रतिमा पांढऱ्या पुठ्ठ्यावर पाडायची, तिचं व्हिडिओ शूटिंग करायचं आणि ते माझ्या साइटवर ठेवायचं, असं मी ठरवलं. तेही स्ट्रीमिंग करून. म्हणजे बघणाऱ्यानं आख्खी फाइल उतरेपर्यंत ताटकळायचं नाही. बटण दाबलं की चित्र यायला लागेल आणि येईल तसं दिसत जाईल. हे मी घरी जेवताना आप्पांना, म्हणजे वडिलांना, समजावून सांगितलं. आप्पा कारखान्याच्या लॅबमध्ये उसाच्या रसाची गोडी मोजतात. त्यांनी घास थांबवून विचार केला.

"म्हणजे ठिबक," ते म्हणाले. "टाकी भरायची वाट बघायची नाही. थेंब आला की मुळाशी."

स्ट्रीमिंगची इतकी स्वच्छ व्याख्या मला पुढं कुठल्याही पुस्तकात सापडली नाही. दुर्दैवानं त्याच वेळी शेजारच्या मालनबाई विरजण मागायला दारात उभ्या होत्या.

"म्हंजी विजू," त्या म्हणाल्या, "तू हितं हाललीस की तिकडं अमेरिकेत दिसनार?"

"मी नाही. सूर्य."

"सूर्य तिकडं बी हाय की. त्याला कशाला दाखवायचा?"

या प्रश्नाला शास्त्रीय उत्तर आहे, पण ते देईपर्यंत मालनबाई विरजण न घेता आत येऊन बसल्या होत्या. कोपरगावच्या त्यांच्या मावसबहिणीचा, मनकर्णाबाईंचा, मुलगा रविराज अमेरिकेत होता. दोन हजार साल उजाडताच तिकडच्या बँकांचे काँप्युटर शंभर वर्षं मागं जाऊ नयेत, या कामावर त्याला नेमलं होतं. डिसेंबर संपेपर्यंत रजा नाही. मुलाचं म्हणणं, आधी मी मुलगी बघणार. मनकर्णाबाईंचं म्हणणं, मग बघ बाबा, पण कशी बघतोस? फोटोवर त्यांचा विश्वास नव्हता. फोटोत माणूस बसलेलं असतं, आणि बसलेलं माणूस सगळंच चांगलं दिसतं.

"आनि हितं आपल्याच घरात मशीन हाय!" मालनबाई म्हणाल्या.

आता माझी बाजू सांगते. मला पुण्याला एमएस्सीला जागा मिळाली होती. ऑगस्टच्या मध्यापर्यंत हजर व्हायचं होतं. रविराजनं होकार दिला असता तर जानेवारीत लग्न, आणि मग पुण्याची जागा गेलीच. हे घरात कुणी मोठ्यानं म्हटलं नाही. आप्पांनी मला लहानपणापासून "शिकशील तितकं शिकवीन" असं सांगितलेलं, समोर भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्यामुळे त्यांना "शिक्षण राहू दे" असं म्हणताच येईना. पण स्थळ इतकं चांगलं की "नको" असंही म्हणता येईना. ते नुसते वाटीतली आमटी ढवळत राहिले. आई म्हणाली, "बघन्यानं काय हुतं? बघू दे की." आणि मी विचार केला, ग्रहणाआधी चाचणीसाठी हलणारं चित्र मला लागणारच होतं. शास्त्रज्ञानं स्वतःवर प्रयोग करण्याची परंपरा जुनी आहे.

मी त्याच आठवड्यात वाचून काढलं. टेलिफोनच्या तारेतून इतकी कमी माहिती जाते की चित्र पाठवताना यंत्राला काटकसर करावी लागते. चित्रात जे हलत नाही ते यंत्र एकदा पाठवतं आणि हळूहळू सुधारत जातं. जे हलतं ते मात्र पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं, आणि तिथं यंत्राची दमछाक होते. म्हणून नियम साधे: मागं कोरी भिंत हवी, साडी एकरंगी हवी, पंखा बंद हवा आणि माणसानं शक्यतो हलू नये.

हे नियम मी कॉलनीतल्या बायकांसमोर मांडले. कॉलनीतल्या बायका म्हणजे मालनबाई आणि ज्यांना त्यांनी सांगितलं होतं त्या सगळ्या.

"एकरंगी? विधवा हाय का ती?"

"पंखा बंद ठिवला तर घाम येईल. मंग म्हनतील, पोरगी घाबरट."

"आनि हालू न्हाई म्हंजी काय? चालून दाखवावं लागंल, सुईत दोरा ववावा लागंल, पेपर वाचावा लागंल. पव्हं आनून ठिवावं लागंल."

मी सांगून पाहिलं की पोह्यांची वाफ हा कुठल्याही यंत्रासाठी सगळ्यात अवघड विषय आहे. "मंग गार पव्हं द्यावं का पावन्याला?" मालनबाईंनी विचारलं. पाहुणा अमेरिकेत होता, आणि पोहे शूटिंग करणारा योगेश खाणार होता. पण सभेत मी एकटी पडले. बारीक बुट्ट्यांची, लखलखत्या काठांची साडी मंजूर झाली. यंत्राच्या दृष्टीनं ती साडी म्हणजे हजार ठिकाणी एकाच वेळी लागलेली आग होती.

जागेचा प्रश्न आप्पांनी अंगावर घेतला. आमच्या क्वार्टरमध्ये कॅमेरा ठेवला तर मुलगी मावत नव्हती आणि मुलगी उभी केली तर कॅमेरा बाहेर जात होता. कारखान्याच्या गेस्ट हाउसमध्ये सोफा होता, पडदे होते. आप्पांनी रीतसर अर्ज केला. कारण म्हणून त्यांनी खरं ते लिहिलं: 'मुलीचे छायाचित्रण, अमेरिकेस दाखविणेकरिता.'

इस्टेट विभागाच्या क्लार्कनं अर्ज दोनदा वाचला. परदेशी पाहुण्यांना गेस्ट हाउस देण्याचा नियम होता. परदेशी पाहुणे न येता नुसते बघणार असतील, तर त्याबद्दल नियम नव्हता. "बघणारे किती जण आहेत?" त्यानं विचारलं. आप्पा प्रामाणिक माणूस. म्हणाले, "तसं म्हटलं तर सगळं जग." मग अर्ज वर गेला. वरून तो शेऱ्यासह खाली आला: परवानगी देण्यास हरकत नाही, तथापि कारखान्याचा नावलौकिक दिसेल अशा रीतीने चित्रण व्हावे. नावलौकिक म्हणजे नेमकं काय, हे विचारल्यावर क्लार्कनं सोफ्यामागच्या तैलचित्राकडे बोट केलं. ते एका माजी व्हाइस-चेअरमनांचं होतं. भरघोस मिशा, फेटा आणि समोरच्याचं कर्ज नामंजूर केल्यासारखी नजर. चित्र भिंतीवरून हलवायचं नाही, झाकायचं नाही, अशी अट होती.

योगेश हा आमच्या भागातला लग्नांचं शूटिंग करणारा. त्याच्या कॅसेटींमध्ये नवरी पडद्यावर फुलातून उमलायची. त्यानं कॅमेरा लावला आणि मला विचारलं, "ताई, कमळातनं बाहेर येणार का बदामातनं?"

"दारातून," मी म्हणाले.

"साधं दारातनं?" त्याला खरोखर वाईट वाटलं. "फिरवून तरी आणतो एकदा."

मी साधं दारातून आले. हातात ट्रे, ट्रेमध्ये पोहे, पोह्यांना वाफ, डोक्यावर पंखा. सोफ्यापर्यंत चालले, ट्रे ठेवला, बसले. पेपर वाचला. सुईत दोरा ओवला. पहिल्या फटक्यात ओवला, याची माहितीसाठी नोंद करते. कॅमेऱ्यामागं पडद्याआड कॉलनीतल्या बायका दाटीवाटीनं उभ्या होत्या आणि प्रत्येक क्रियेला "हां, आस्सं" म्हणत होत्या. तोही आवाज टेपवर आला. एकंदर वातावरण सर्कशीच्या तालमीसारखं होतं.

योगेशच्या काँप्युटरवर टेपची फाइल करून घेतली, क्लासमध्ये ती पिळून बारीक केली आणि सरांच्या मोडेमवरून साइटवर चढवली. मग आप्पांना बोलावलं. त्यांनी आपला इस्त्रीचा शर्ट घातला होता. मी बटण दाबलं.

आधी बराच वेळ काहीच झालं नाही. मग व्हाइस-चेअरमन आले.

ते फार सुंदर आले. हलत नसल्यामुळे यंत्रानं त्यांच्यावर सगळी मेहनत घेतली होती. मिशीचा केस न् केस मोजून घ्यावा. त्यांच्या बाजूला, दाराच्या चौकटीत, रंगीत चौकोनांचा एक ढीग उभा होता. तो मी होते. मग चित्र थबकलं. ते पुन्हा सुरू झालं तेव्हा दार रिकामं होतं आणि ढीग सोफ्यावर बसलेला होता. मध्ये ट्रे काही क्षण एकटाच हवेत दिसला. सुई दिसलीच नाही. मी दोन हात समोर धरून हवेशी काहीतरी वाटाघाटी करत होते आणि वरून व्हाइस-चेअरमन त्या नामंजूर करत होते.

"तांत्रिकदृष्ट्या हे यशस्वी आहे," मी आप्पांना म्हणाले. खरं तर मला रडू येत होतं.

आप्पा पडद्याजवळ सरकले. पुन्हा लाव म्हणाले. पुन्हा बघितलं. मग पुन्हा एकदा. शेवटी चष्मा काढला, पुसला आणि "बरं" एवढंच म्हणून जिना उतरून गेले. माझ्या कामगिरीची त्यांना लाज वाटली, असं मी धरून चालले.

रविराजची मेल क्लासच्या पत्त्यावर आली. क्लासचा पत्ता सगळ्यांना मिळून एकच, आणि गोरक्षनाथ सर आलेली मेल छापून मोठ्यानं वाचून मगच ज्याची त्याला देत. त्यामुळे मला स्थळाकडून काय कळवलं आहे, हे माझ्याआधी झेरॉक्सच्या रांगेला कळलं. मेल इंग्रजीत होती, तिचा सारांश असा: चित्र मिळालं, आभारी आहे. मागच्या फोटोतले गृहस्थ कोण? तुमचे आजोबा का? व्यक्तिमत्त्व छान आहे. मी आईला फोनवर सगळं सांगितलं. आई विचारते, की मुलगी आधी दारात दिसते आणि नंतर एकदम सोफ्यावर दिसते, तर मधलं चालणं का कापलं?

मी लगेच उत्तर लिहिलं. त्यात तारेची क्षमता, सेकंदाला किती चित्रं दिसतात तो चौकटींचा कमी वेग आणि काटकसरीचं गणित सविस्तर मांडलं. ते उत्तर रविराजनं मनकर्णाबाईंना फोनवर समजावून सांगितलं असावं, कारण तिकडून मालनबाईंना निरोप आला: "पोरीच्या चालन्याचा वेग कमी हाय, आसं त्यांनीच लिवून दिलंय."

एका दिवसात कॉलनीला कळलं. मी नळावर निघाले की ओट्यावरच्या गप्पा थांबायच्या आणि लोक माझं चालणं ऐकायचे. पायाखाली खडा आला तरी मी वेदना न दाखवता पुढं जायचे, कारण एक जरी लंगडं पाऊल पडलं असतं तरी संपलं असतं. सुरुवातीला मी मुद्दाम झपझप चालत होते. मग कानावर आलं, "लपवाय बघती बिचारी." एक बाई तेलाची बाटली घेऊन आल्या. "खुब्याला लाव. उजवा का डावा?"

"दोन्ही चांगले आहेत."

"दोन्ही गेल्यात व्हय गं बाई!" म्हणत त्या डोळ्याला पदर लावून परत गेल्या. बाटली ठेवून गेल्या.

इथं माझा स्वभाव आडवा आला. शांतपणे विचार केला असता तर मला दिसलं असतं की स्थळ आपोआप मोडत आलं आहे आणि पुण्याची वाट मोकळी होते आहे. पण माझ्या वेबसाइटवरचं चित्र सदोष आहे, आणि त्या दोषाचं खापर माझ्या खुब्यावर फुटतं आहे, हे मला सहन होईना. मला लग्न नको होतं. पण चालणं दिसायलाच हवं होतं.

दुसरं शूटिंग माझ्या अटींवर झालं. क्लासमध्ये, पांढऱ्या चादरीसमोर, निळ्या कोऱ्या साडीत, ट्रे नाही, पोहे नाहीत. यंत्राला झेपावं म्हणून मी एकेक पाऊल सावकाश उचलून सावकाश ठेवलं. योगेशनं कॅमेऱ्यातून डोकं बाहेर काढलं.

"ताई, मयतीला चालल्यावानी दिसतंय."

"तू शूटिंग कर."

"न्हाई, मी करतो. पर मागनं चार माणसं लागतील."

शेवटी मी नेहमीसारखी चालले आणि दुसरा उपाय काढला. रविराजच्या ऑफिसात लाइन जाड होती. त्याच्यापुरती फाइल मोठी केली तर चालणं पूर्ण दिसणार होतं. फाइल मोठी म्हणजे चढवायला वेळ मोठा, आणि मध्ये लाइन तुटली की पुन्हा पहिल्यापासून. पहिल्या खेपेला कुणीतरी खाली फोन उचलला. दुसऱ्या खेपेला वीज गेली. तिसऱ्या खेपेसाठी सरांनी बाजाराचा दिवस सोडून दुपार दिली, बूथला पाटी लावली आणि स्वतः झेरॉक्सपाशी राखणीला बसले.

मी वर काँप्युटरसमोर बसून होते. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी पुढं सरकत होती. अर्धी झाली. पाऊण झाली. बोटभर राहिली. मग नखाएवढी राहिली. मी माउसवरचा हात काढून घेतला.

आणि मोडेममधून 'खट्' असा आवाज आला. पट्टी जागच्या जागी थिजली. खालून स्पष्ट आवाज आला, "हालू? हालू? कोन बोलतंय?"

त्यानंतर माझ्याकडून जे झालं, ते मी जसं झालं तसं लिहिते. मी खुर्ची मागं ढकलली. जिना उतरले असं म्हणता येणार नाही, कारण मधल्या बऱ्याच पायऱ्यांना माझा पाय लागलाच नाही. वळणावर एक चप्पल मागं राहिली. झेरॉक्सची रांग दोन्ही बाजूंना झाली, सर "मॅडम, मी फक्त पाणी प्यायला..." म्हणेपर्यंत मी त्यांच्या स्टुलावरून पलीकडे गेले होते, आणि बूथमध्ये शिरून, हिरवं नऊवारी लुगडं नेसलेल्या एका बाईंच्या हातातला फोन मी ओढून घेतला.

"कुणी सांगितलं हात लावायला? पाटी दिसत नाही? नखाएवढं राहिलं होतं, नखाएवढं!"

बाई हटल्या नाहीत. अंगानं भक्कम, कपाळ मोठं, काखेत पिशवी.

"पाटी बघितली की," त्या म्हणाल्या. "पर नादुरुस्त फोन कसा बोलतोय? कानाला लावला तर आत चिमन्या भांडत हुत्या."

"त्या चिमण्या नव्हत्या! ते माझं चालणं होतं!"

सगळा एसटी स्टँड बूथकडे वळून बघू लागला. बाईंनी माझ्याकडं नीट बघितलं. मग विचारलं, "भिंगारदिव्यांचं घर कंच्या अंगाला हाय गं? मालनला फोन लावून तेच इचारनार हुते."

मला कळलं. पण मला कळल्याचं कुणाला कळू नये, एवढा वेळ तरी मला हवा होता. तो गोरक्षनाथ सरांनी दिला नाही. "अहो, भिंगारदिवे म्हणजे ही काय, त्यांचीच मुलगी!" ते उत्साहानं म्हणाले.

मनकर्णाबाईंची नजर माझ्या डोक्यापासून सावकाश खाली आली, आणि एक चप्पल घातलेल्या, एक न घातलेल्या माझ्या पावलांवर येऊन थांबली.

"यंत्रावर काय भरवसा, म्हनलं," त्या म्हणाल्या, "सोता डोळ्यानं बघून यावं."

घरी नेलं. जयभीम झाला, पाणी झालं, पोहे झाले. या वेळी वाफेला कुणाची हरकत नव्हती. मालनबाई धावत आल्या आणि मी किती शांत, किती कमी बोलणारी आहे हे सांगू लागल्या. मनकर्णाबाई ते ऐकून घेत पोहे खात होत्या. मी भिंतीकडे बघत होते. आईचा हात पदराशी चाळा करत होता. सगळ्यांना माहीत होतं की आता त्या जे म्हणतील त्यावर सगळं आहे.

त्यांनी बशी खाली ठेवली. "दादा," त्या आप्पांना म्हणाल्या, "तुमच्या पोरीचे पाय चांगले हायेत."

"आभारी आहे," आप्पा म्हणाले.

"लईच चांगले हायेत. आवाज बी खनखनीत हाय. आमचा रवी पडला मवाळ. तिकडं दोन खोल्यांत ऱ्हातो." त्यांनी पदर सावरला. "एवढं पळायला जागा न्हाई हो तिथं."

मालनबाईंनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मनकर्णाबाईंनी हात वर केला. उठता उठता त्या माझ्यापाशी आल्या आणि खालच्या आवाजात म्हणाल्या, "ते नखाएवढं ऱ्हायलं म्हनत हुतीस, ते काय हुतं?"

मी सांगितलं. पहिल्या पावलापासून शेवटच्यापर्यंतचं माझं चालणं, सगळं, न कापलेलं.

"मंग बरं झालं मी उचालला," त्या म्हणाल्या. "ते गेलं आस्तं तर रवी व्हय म्हनला आस्ता." आणि त्या हसल्या. त्यांच्या हसण्यात राग नव्हता. एका बाईनं दुसऱ्या बाईला एसटीत जागा करून द्यावी तसं ते हसणं होतं.

आप्पा त्यांना गाडीत बसवून आले. मी ओट्यावर बसले होते. आता बोलणी बसतील म्हणून तयारीत होते. आप्पांनी चपला काढल्या, माझ्या शेजारी बसले, आणि विचारलं, "पुण्याला हजर कधी व्हायचंय?"

मी सांगितलं. त्यांनी मोठा श्वास सोडला. इतका मोठा, की आतून आई बाहेर आली.

"त्या दिवशी तू मला ते चित्र दाखवलंस ना," आप्पा म्हणाले. "मी तीनदा बघितलं. मनात म्हटलं, हे स्थळ जमलं तर मुलगी आपल्याला इथून पुढं अशीच दिसणार. दारात. मग एकदम सोफ्यावर. मधली कधी दिसणार नाही." त्यांनी काढलेल्या चपला जोडीनं नीट लावल्या. "आणि तो व्हाइस-चेअरमन मात्र स्पष्ट."

आई हसायला लागली आणि हसता हसता डोळे पुसायला लागली. "मला तर पयल्यापासनं नको वाटत हुतं," ती म्हणाली. "लई लांब हाय ती अमेरिका."

"मग बोलली का नाहीस?" आप्पांनी विचारलं.

"तुमी कुठं बोलला?"

म्हणजे एका घरात तीन माणसं, तिघांनाही नको, आणि तिघं मिळून साडी, गेस्ट हाउस, योगेश आणि अमेरिकेपर्यंत जाऊन आलो. माझ्या छातीवरचं ओझं उतरलं तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की ते तिथं होतं. मी उठले आणि अंगणात या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून आले. मालनबाई कुंपणावरून बघत होत्या. बघू देत, म्हटलं.

अकरा ऑगस्टला दिवसभर आभाळ भरलेलं होतं. संध्याकाळी, सूर्य कलल्यावर, पश्चिमेला ढग जरासे फाटले आणि पुठ्ठ्यावर कोर उमटली. योगेशनं एकदाही कमळाचं नाव काढलं नाही. मागं पांढरा पुठ्ठा, पंखा नाही, काठ नाहीत, आणि हलणं इतकं सावकाश की यंत्राला विश्रांतीच. पुण्याला निघायच्या आदल्या दिवशी फाइल चढवली. खाली बूथमध्ये त्या वेळात स्वतः आप्पा बसले होते. फोनवर एक हात ठेवून, येणाऱ्या-जाणाऱ्याकडे व्हाइस-चेअरमनांच्या नजरेनं बघत. कुणाची पाटी वाचायचीही छाती झाली नाही.

वसतिगृहात रुळल्यावर एक दिवस विद्यापीठाच्या काँप्युटरवर साइट उघडली. आकडा बराच वाढला होता, आणि त्यातली मी थोडीच होते. रविराजनं दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या. ग्रहण फार छान दिसलं, ऑफिसातल्या सगळ्यांनी बघितलं, असं त्यानं लिहिलं होतं. आणि खाली भीत भीत विचारलं होतं, या वेळी मागं ते मिशीवाले आजोबा दिसले नाहीत. त्यांची तब्येत बरी आहे ना?